तारांवरचं विमान

बाळापूरच्या सरकारी दवाखान्यात प्रियदर्शनी रक्त तपासायची. हिवतापाची काचपट्टी मायक्रोस्कोपखाली लावायची, वाकून बघायचं, पुढची घ्यायची, असं तिचं वीसेक वर्षं चाललं होतं. एका सोमवारी ती अशीच वाकलेली असताना उजेडाच्या गोलातले जांभळे ठिपके डावीकडे वाहायला लागले. तिला वाटलं, काचपट्टी सरकली. डोकं वर केलं तर खिडकीही वाहत होती. मग भिंत, मग पंखा, मग पायाखालची फरशी. तिने टेबल धरलं, पण टेबलही निघालंच होतं. रंगाची बाटली लवंडली आणि ती जांभळ्या हातांनी खाली बसली. नर्सने तिला बाकावर आडवं केलं, डोळे मिटायला सांगितलं. डोळे मिटल्यावर तर बाकासकट ती कुठल्या कुठे गरगरत गेली. डोक्यातली नस फुटली, आता आपण जाणार, असंच तिला वाटलं.

नस फुटली नव्हती. अमरावतीच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, "कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो बिघडलाय. जिवाला धोका नाही. गोळ्या घ्या, व्यायाम करा. पण भोवळ पुन्हा येणार नाही असं मी सांगू शकत नाही. येईल तेव्हा येईल."

जिवाला धोका नाही हे तिचा नवरा अश्विन ऐकून घरी आला. येईल तेव्हा येईल एवढंच प्रियदर्शनी ऐकून आली.

त्या दिवसापासून तिचं जगणं आक्रसत गेलं. स्कूटी तिने विकायला लावली. जिन्यावरून उतरताना कठडा सोडत नसे. आंघोळीला स्टूल घेऊन बसे. अकोल्याहून बाळापूरला जाताना एसटीत समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसे, आणि शेजारची बाई बोलायला लागली तर मान न वळवता उत्तर देई. भोवळ महिन्यातून एखाद्या वेळी यायची, पण तिची वाट बघणं रोजचं होतं. दवाखान्यात मायक्रोस्कोपवर दुसऱ्या मुलीला बसवलं आणि हिला केसपेपरच्या खिडकीत. तिथे वाकावं लागत नव्हतं.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे, एका अरुंद गल्लीत त्यांचं घर होतं. घरात अश्विन, त्याची आई मैनाबाई आणि ती. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. अश्विनचं चौकात झेरॉक्सचं दुकान होतं. घरांचे नकाशे छापायचं मोठं मशीनही त्याने घेतलं होतं, त्यामुळे बांधकामवाल्यांची ये-जा असे.

दिवाळीच्या साफसफाईत त्याला माळ्यावरच्या पेटीत एक घडी केलेला निळसर कागद सापडला. घड्यांवर तो फाटत आला होता. त्याने तो जपून पलंगावर उलगडला. "हे काय वं? कोनाचा नकाशा हाये हा?"

प्रियदर्शनी बघतच राहिली. नागपूरला कॉलेजात असताना ती एनसीसीच्या एअर विंगमध्ये होती. तिथल्या शिक्षकांनी सगळ्या मुलामुलींना या नकाशाच्या प्रती दिल्या होत्या. तारांवर उडणाऱ्या विमानाचा नकाशा. असं विमान हातभर पंखांचं असतं. त्याच्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा निघतात आणि उडवणाऱ्याच्या मुठीतल्या हँडलला येऊन मिळतात. उडवणारा मधे उभा राहून विमानासोबत गोल फिरत राहतो. मूठ वर कलवली की विमान चढतं, खाली कलवली की उतरतं. तिथल्या मैदानावर तिच्याइतकं कुणी गोल फिरत नसे. मुलं फिरून फिरून खाली बसायची, ही हसत उभी असायची.

"मी उडवत होती हे," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.

अश्विनने तो कागद दुकानात नेला, स्कॅन केला, फाटलेल्या रेघा कम्प्युटरवर जोडल्या आणि मोठ्या मशीनवर ताजा नकाशा काढून आणला. तिने पट्टी लावून पाहिली तर पंख मूळच्यापेक्षा बोटभर लहान आला होता. त्याने न कुरकुरता पुन्हा छापला.

उडवायचं तिच्या मनातही नव्हतं. नुसतं बनवायचं होतं. पण बनवायलाही वाकावं लागतं, आणि वाकायची तिला भीती. मग अश्विनने इस्त्रीच्या जुन्या टेबलावर प्लायवूडचा फळा तिरका ठोकून दिला, शाळेतल्या फळ्यासारखा. त्याच्यावर नकाशा, वर प्लॅस्टिक, त्यावर टाचण्यांनी बसवलेल्या बाल्साच्या पट्ट्या. बाल्सा म्हणजे इतकं हलकं लाकूड की तळहातावर घेतलं तर घेतल्यासारखं वाटत नाही. ते कुरियरने मागवावं लागलं. मान ताठ ठेवून, अर्ध्या ब्लेडने ती पंखाच्या फासळ्या कापू लागली. त्या तासाभरात भोवळीची वाट बघायची ती विसरून जायची.

मैनाबाई दारात बसून बघायच्या; सासूला ती मामी म्हणे. ऐंशीच्या घरातली बाई, पण जिभेला धार. "पोरी, तुले चक्कर येते, अन् तू गोल फिरनारं खेळनं बनवून राहिली? दुसरं काही नाई सापडलं तुले?"

"मी फिरनार नाई ना, मामी. मी फक्त बनवून राहिली."

"मंग फिरनार कोन?"

 याचं उत्तर समोरच्या घरातून आपणहून चालत आलं.

पंखांना पातळ कागद चिकटवून, त्यावर डोप नावाचा उग्र वासाचा लेप दिल्यावर तो कागद ढोलाच्या कातड्यासारखा ताणला गेला. पंखात तारा जोडायचा फिरता तिकोना बसवला, त्यापासून शेपटीच्या झडपेपर्यंत सळई गेली. नागपूरचा तिचा जुना सोबती श्याम अजून या नादात होता. त्याने एक जुनं, दीड सीसीचं डिझेल इंजिन आणि केरोसीन, एरंडेल, इथर मिसळून तयार केलेलं इंधन पाठवलं. प्रोपेलर बोटाने झटका देऊन फिरवावा लागतो, आणि इंजिन उलटं लागलं तर तो बोट फोडतो. तिने बोटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. झटका देताना दर वेळी ती डोळे मिटून घेई. शेवटी इंजिन लागलं तेव्हा अंगणातली भांडी थरथरली, एरंडेलाचा धूर पसरला, आणि समोरचे किशोर सर चप्पल न घालताच धावत आले.

किशोर एका शाळेत पीटीचे सर होते. परतवाड्याकडच्या शेतकरी घरातले, चाळिशीचे, कबड्डीने कमावलेल्या खांद्यांचे. नोकरीसाठी अकोल्यात राहत. विमान पाहून त्यांचे डोळे मोठे झाले.

"ताई, हे खरंच उडते?"

"उडते."

"मंग उडवा ना!"

"मले नाई जमत आता. भोवळ येते."

"मले शिकवा. मी उडवतो."

तिने बरेच दिवस टाळलं. पण किशोर रोज संध्याकाळी यायचे, विमानाकडे बघत चहा प्यायचे आणि निघताना विचारायचे. शेवटी ती हो म्हणाली, एका अटीवर. "मी वर्तुळाच्या आत येनार नाई. शिकवनारा खरं तं मागं उभा राहून सोबत फिरते. पन ते मले होनार नाई, आधीच सांगते."

"नका येऊ, ताई. मी काय लहान हाव का?"

तिने त्यांना दोरीच्या टोकाला पाण्याची बाटली बांधून गोल फिरायला लावलं. पाच-सहा फेऱ्यांतच ते लडखडून हसत बसले. ती हसली नाही. तिने बजावलं, "डोये बाटलीवर ठेवा. जमिनीकडं पाहलं की गेलं." ते हो हो म्हणाले. अंगात जोर असलेला माणूस ज्या तऱ्हेने हो म्हणतो, त्या तऱ्हेने.

बाळापूर रस्त्याला एक लेआउट होतं. प्लॉट पाडून, दगड रोवून ठेवलेले, पण घर एकही उठलेलं नाही. काळी माती उन्हाने टणक झालेली. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी तिघं तिथे गेले. पूर्वेच्या अंगाने शेतातल्या मोटारींसाठी विजेची लाइन गेली होती, सिमेंटच्या खांबांवर तीन तारा. प्रियदर्शनीची नजर आधी त्यांच्यावरच गेली. विमानाच्या तारा पोलादी, त्यांचं टोक माणसाच्या मुठीत. तिने अश्विनला खांबापासून अंतर मोजायला लावलं, मग पुन्हा मोजायला लावलं. विमानाच्या तारा चाळीस फुटांच्या होत्या. तिने त्याच्या दुप्पट अंतर सोडून मधली जागा ठरवली आणि तिथे फक्कीने छोटा गोल आखला.

"किशोरभाऊ, या गोलाच्या बाहेर पाय नाई टाकाचा. इंजिन आपल्याले बंद करता येत नाई. तेल संपेपर्यंत ते उडते. अन् ही दोरी मनगटाले बांधते, म्हनजे हँडल सुटलं तरी विमान लोकाईवर जानार नाई."

"बांधा," किशोर म्हणाले.

तिने टाकी काठोकाठ भरली. अश्विनने विमान धरलं. तिने झटका दिला, इंजिन लागलं, आणि ती वर्तुळाबाहेर पळत जाऊन खांबांच्या विरुद्ध बाजूला उभी राहिली. तिने हात खाली केला. अश्विनने विमान सोडलं आणि वाकून बाहेर आला. विमान मातीवरून उड्या मारत धावलं आणि उठलं.  इतक्या वर्षांनी उडत्या विमानाचा तो आवाज, तो एरंडेलाचा वास. किशोर मधे फिरत होते, ओरडत होते, "उडलं! ताई, उडलं!"

थोड्या वेळाने ते ओरडायचे थांबले.

तिचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. पाय एकमेकांत अडकत होते. किशोर विमानाकडे नाही, खाली मातीकडे बघत होते. पश्चिमेचा वारा सुटला होता, आणि विमान पूर्वेच्या बाजूला गेलं की त्यांना ओढून नेत होतं. दर फेरीला एक पाऊल, कधी दोन. पांढरा गोल केव्हाच मागे राहिला होता. विमान पूर्वेला जायचं तेव्हा त्याच्यामागे विजेच्या तारा दिसायच्या, आणि प्रत्येक फेरीला त्या जवळ आलेल्या असायच्या.

"किशोरभाऊ! मागं सरका! मागं!"

इंजिनाच्या आवाजात काही ऐकू जात नव्हतं. अश्विन धावायला निघाला. तिने त्याचा शर्ट धरला. "नको! तुमाले नाई माहीत आत कसं शिरायचं. तोंडावर येईन ते."

"मंग काय करू? तो मरते नं तिकडं!"

 खरं सांगायचं तर त्या घटकेला तिच्या मनात किशोर नव्हते. आपण आत जाऊ, एक फेरी फिरू, आणि सगळं जग पुन्हा डावीकडे वाहायला लागेल, एवढंच होतं. मग तिच्या हातून तो माणूस आणि ते विमान दोन्ही जातील. दुसरं कुणी पाठवता आलं असतं तर तिने पाठवलं असतं. विमान पुन्हा पूर्वेला गेलं. त्याच्या आणि विजेच्या तारांच्या मधे आता बैलगाडी जाईल एवढीच जागा उरली होती.

विमान तिच्या समोरून सपकन गेलं आणि ती त्याच्या मागोमाग, डोकं खाली घालून, आत धावली. तारा वरून सणसणत गेल्या. तिने किशोरना मागून मिठीच मारली, उजव्या हाताने त्यांची मूठ हँडलसकट पकडली.

"मी हाये! खाली नका पाहू! विमानाकडं पाहा!"

"ताई, मले काहीच दिसून नाई राहिलं!"

"नका पाहू मंग. माह्यासंगं पाय टाका."

ती फिरायला लागली. इतके महिने जे टाळलं तेच करायला लागली, आणि तेही पाऊण क्विंटलच्या माणसाला छातीशी धरून.  तिने डोळे विमानावर रोवले. खांब, शेत, अश्विन, रस्ता, पुन्हा खांब, सगळं मागून पाण्यासारखं वाहत होतं. विमान मात्र नजरेत जागच्या जागी उभं होतं, पंखाचा लाल कागद, इंजिनाचं काळं नाक. तिने त्यालाच धरून ठेवलं. पूर्वेला ते गेलं की ती मूठ खाली कलवून त्याला जमिनीलगत ठेवी, म्हणजे तारांपासून जेवढं दूर राहील तेवढं बरं. पश्चिमेला आलं की त्याच्या ओढीबरोबर एक पाऊल त्या बाजूला टाकी आणि किशोरनाही ओढी. दर पूर्वेच्या वळणाला तिला वाटायचं, आता. आता कडाडणार. टाकी काठोकाठ भरल्याबद्दल तिने स्वतःला शिव्या घातल्या. ते तेल संपतच नव्हतं.

पांढऱ्या गोलावरून तिचा पाय गेला तेव्हा तिला तो दिसला नाही, चपलेखाली फक्कीचा भुसभुशीतपणा लागला. तिथून ती आणखी मागे सरकत राहिली. मग इंजिनाचा आवाज चढला, खोकला आणि बंद पडला. एकदम शांतता. तिने मागे पाऊल घेऊन तारा ताणून धरल्या. विमान घसरत खाली आलं, मातीच्या ढेकळाला अडलं आणि नाकावर उलटलं. प्रोपेलर मोडला.

तिने मूठ सोडली आणि त्याच क्षणी भोवळ आली. ती मातीवर आडवी झाली, ओकली, दोन्ही हातांनी ढेकळं धरून पडून राहिली. अश्विनने तिचं डोकं मांडीवर घेतलं. 

किशोरनी बसल्या बसल्या मनगटाची दोरी सोडली. मग उठून आपल्या टाचांच्या खुणा बघत पूर्वेकडे चालत गेले. खुणा संपल्या तिथे थांबून त्यांनी मान वर केली. तिथून विजेच्या तारा किती जवळ होत्या ते पाहिलं आणि ते मटकन खाली बसले. परत आले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता.

"ताई, मी आवाज आयकला नाई वं. मले वाटलं, मी तिथीच उभा हाये."

घरी आल्यावर मैनाबाईंनी विचारलं, "उडलं का?" तेव्हा अश्विन म्हणाला, "उडलं," आणि विमान घेऊन दुकानात गेला. तिथे त्याने ते कागदांच्या गठ्ठ्यांमागे, तिला दिसणार नाही असं ठेवलं. आठवडाभर तो तोंड बांधून होता. तिला वाटलं, राग आला आहे. एका संध्याकाळी भाकरी वाढताना तिने विचारलं, "काहून बोलत नाई तुमी?"

त्याने मोडलेला तुकडा ताटात परत ठेवला. "मी तिथी उभा होतो, प्रिया. तू आत फिरून राहिली, तो खांब तुया मागं, अन् मी नुसता उभा. मले काहीच करता आलं नाई. डोये मिटले का तेच दिसते मले." मग हळूच म्हणाला, "तुले भेव वाटते ते मले आजपर्यंत समजतच नवतं."

पुढच्या फेरीला अमरावतीच्या डॉक्टरांना तिने सगळं सांगितलं. ते आधी रागावले. मग म्हणाले, अचानक नको, पण आधार धरून, रोज थोडं थोडं फिरत गेलात तर कानाला सवय होऊ शकते. होईलच असं नाही. आणि खांबांजवळ तर मुळीच नाही.

खांब नसलेली जागा अश्विननेच शोधली. किशोरच्या गावाजवळ, परतवाड्याकडे, गुरं चारायची पडीक जमीन होती. तो आधी एकटा जाऊन चारही बाजूंनी फिरून आला. एप्रिलच्या सुरुवातीला, ऊन चढायच्या आत, सगळे जीप करून गेले. मैनाबाईही हट्टाने आल्या आणि जीपमध्येच बसून राहिल्या. नवा प्रोपेलर लावला होता, टाकी अर्धीच भरली होती. प्रियदर्शनीने हँडल किशोरपुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतला.

"मी सोडतो विमान, ताई. पकडून सोडाचं काम माह्याकडं. हँडल नाई."

मग इंजिन लावून ती मधे उभी राहिली.  अश्विन तिच्या मागे, तिच्या कमरेला धरून, खाली वाकून उभा राहिला, म्हणजे ती कलंडली तर सावरता येईल. किशोरनी विमान सोडलं. ती फिरली. घाबरत घाबरत, दातांवर दात रोवून, विमानावरची नजर न हलवता, तेल संपेपर्यंत फिरली. विमान गवतावर नीट टेकलं.

भोवळ तेव्हा आली नाही. ती आली परतताना, जीपमध्ये, एका वळणावर. अश्विनने गाडी लिंबाखाली थांबवायला सांगितली. प्रियदर्शनी मागच्या सीटवर सासूच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. गाडी उभी असूनही तिच्यासाठी फिरत होती. मैनाबाई तिच्या डोळ्यांवर ओला पदर धरून बसल्या. किशोर बाहेर उभे राहून रस्त्यावरच्या ट्रकांना हळू जायच्या खुणा करत होते. हळूहळू जीपचं छत थांबलं, मग खिडकी थांबली. ती उठून बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "चला आता."